नावामागचा बाजार

हिंगोलीच्या एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत ‘जवळ्याची गाडी कधी हो?’ असं विचारलं, की वेळ सांगायच्या आधी आतून उलटा सवाल येतो, ‘कोणतं जवळा?’ सवाल रास्त आहे. कळमनुरीकडे जवळा पांचाळ आहे. शेजारच्या परभणी जिल्ह्यात जवळा झुटा आहे. नुसत्या जवळ्यांची तर गणतीच नको. अशा वेळी डोक्यावर गाठोडं घेतलेली एखादी मावशी जे उत्तर देते, त्यात गावाचा अर्धा इतिहास येऊन जातो. ‘बाजाराचं जवळा रे बाबा.’

जवळा बाजार हे औंढा नागनाथ तालुक्यातलं गाव. परभणीहून हट्ट्यावरून औंढ्याकडे आणि पुढे हिंगोलीला जाणाऱ्या रस्त्यावरचं. आपल्याकडे गावाचा इतिहास म्हटला की लोक आधी किल्ला विचारतात. किल्ला नसेल तर गढी, गढी नसेल तर निदान एखादा शिलालेख. या परीक्षेत बाजाराचं गाव कायम नापास होतं. राजा किल्ला मागे ठेवून जातो, साधू मठ ठेवून जातो. बाजार काय ठेवून जातो? संध्याकाळी कडब्याच्या चार काड्या, केळीच्या साली आणि बैलांचं शेण. तेही दुसऱ्या दिवशी सकाळी झाडून टाकतात. मग उरतं ते नाव. जवळ्याने ते नाव आडनावासारखं लावून ठेवलं आहे.

या भागातल्या गावांच्या नावांची ही शेपटं एकदा ओळीने वाचून बघावीत. औंढ्याला नागनाथ. नर्सीला नामदेव. बाळापूरच्या पुढे आखाडा. पूर्णेवर धरण बांधताना कामगारांची वस्ती पडली तिथे येलदरी कॅम्प. हिंगोलीहून वाशीमला जाताना, जिथे निजामाचा मुलूख संपून वऱ्हाड लागायचा, तिथे कन्हेरगाव नाका. एका गावाला देव चिकटला, एकाला संत, एकाला जकातीचा नाका आणि एकाला बाजार. अमरावती जिल्ह्यात तर दोन चांदूर आहेत. एक चांदूर बाजार, दुसरं चांदूर रेल्वे. ज्याला जे लाभलं ते त्याने लावलं. मराठवाड्याच्या आणि विदर्भाच्या सीमेवर माहूर तालुक्यात वाई बाजार आहे. त्याचीही हीच तऱ्हा.

ही रीत काही आपलीच नाही. वेल्समध्ये शेकडो गावांची नावं ‘लॅन’ने सुरू होतात. मूळ अर्थ देवस्थानाभोवतीचं कुंपण घातलेलं आवार. पुढे तेच चर्च, आणि मग चर्चभोवतीचं गाव. इंग्लंडात ‘चिपिंग’ने सुरू होणारी गावं आहेत, त्यातल्या चिपिंगचा अर्थच बाजार. तिकडे धंदा नावाच्या डोक्यावर बसतो, आपल्याकडे शेवटी येतो, एवढाच फरक. जवळ्याच्या शेजारच्या हट्ट्याचं नाव ऐकलं की संस्कृतातला ‘हट्ट’ आठवतो. त्याचाही अर्थ बाजार, त्यातूनच पुढे हाट झाला. दोन शेजारी गावं, एकाच्या पोटात बाजार आणि एकाच्या शेपटाला. हा व्युत्पत्तीचा मोह आहे, पुरावा नव्हे. पण मोह सोडवत नाही.

बाजार मुळात भरला कुठे आणि का, याचं उत्तर रस्त्यात असतं. जवळ्याचा रस्ता औंढ्याला जातो आणि औंढा हे सातआठशे वर्षांपासून माणसं खेचून घेणारं ठिकाण आहे. नागनाथाचं देऊळ यादवकाळातलं. ते जवळून बघितलं की इतिहास वेगळा वाचावा लागत नाही. खालचा भाग काळ्या दगडाचा, चांदणीसारख्या कोनाकोनांचा, अंगभर कोरीव. वर नजर नेली की एका रेषेवर दगड संपतो आणि पांढऱ्या चुन्याचं शिखर सुरू होतं. खालचं काम आणि वरचं काम यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. औरंगजेबाच्या काळात वरचा भाग पाडला आणि पुढे अहिल्याबाई होळकरांनी तो पुन्हा उभा केला, असं इथे सांगतात. गाभारा जमिनीच्या खाली आहे. अरुंद पायऱ्यांवरून अंग चोरून, जवळजवळ बसत उतरावं लागतं.

औंढ्याची दुसरी गोष्ट सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. नामदेव देवळापुढे कीर्तनाला उभे राहिले, त्यांना मागे जायला सांगितलं, ते मागे गेले आणि देऊळच त्यांच्याकडे वळलं. नंदी समोर नसून मागच्या बाजूला का, याचं गावाकडचं उत्तर हेच. आणि याच देवळात पिंडीवर पाय ठेवून पडलेल्या विसोबा खेचरांनी नामदेवांना सांगितलं, की देव जिथे नाही तिथे माझे पाय ठेव. परंपरा विसोबांना ‘चाटी’ म्हणते. चाटी म्हणजे कापडाचा व्यापारी. नामदेव शिंपी. गुरू कापड विकणारा आणि शिष्य कापड शिवणारा, आणि भेट झाली ती ज्योतिर्लिंगाच्या गाभाऱ्यात. संतचरित्र सांगणारे या योगायोगावरून भरभर पुढे जातात. मला तिथे थांबावंसं वाटतं. नर्सी, औंढा आणि त्यांच्या मधल्या वाटा या नुसत्या यात्रेच्या वाटा नव्हत्या, मालाच्याही होत्या. देवाला जाणारा माणूस परत येताना मीठ आणि लुगडं घेऊन यायचा. जिथे यात्रा असते तिथून एका मुक्कामावर बाजार असतो, आणि हा नियम पंढरपुरापासून माहूरपर्यंत कुठेही ताडून बघता येतो.

आता या वाटांवरची दुसरी, काळोखी बाजू.

एकोणिसाव्या शतकात हिंगोलीला हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. फौज निजामाच्या पैशावर पोसलेली, अंमल इंग्रज अधिकाऱ्यांचा. छावणी आली की तिचा सदर बाजार येतो, बाजार आला की दूरदूरचा माल येतो. १८३० च्या आसपास या सदर बाजारात हरिसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी होता. गोरे अधिकारी त्याच्याकडून कापडचोपड घेत. निजामाच्या नोकरीतला तरुण अधिकारी मेडोज टेलर हाही त्याच्या गिऱ्हाइकांपैकी एक.

एके दिवशी हरिसिंगाने जिल्ह्याचा कारभार बघणाऱ्या कॅप्टन रेनॉल्ड्सकडे अर्ज केला. मुंबईहून कापड आणायचं आहे, परवाना द्यावा. परवाना मिळाला. खरी गोष्ट अशी होती, की ते कापड मुंबईहून आधीच निघालेलं होतं. हिंगोलीजवळच्याच एका गावचा व्यापारी ते घेऊन स्वतः वाटेवर होता आणि हे हरिसिंगाला ठाऊक होतं. त्याने आपली टोळी घेऊन तो व्यापारी गाठला. त्याला, त्याच्या नोकरांना, गाडीवानांना, सगळ्यांना संपवलं. मग तोच माल, तोच परवाना दाखवत, छावणीत आणला आणि उघड दुकान मांडून विकला. परवान्यावर सरकारी सही होती, मालावर संशय घ्यायला कारणच नव्हतं.

हरिसिंग ठगांचा म्होरक्या होता. पकडला गेल्यावर त्याने हे सगळं आपण होऊन सांगितलं, आणि तेही काय गंमत केली अशा थाटात. पुढे माहितीगारांनी जागा दाखवल्या तेव्हा छावणीच्या परिसरात जमीन उकरली गेली. मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत, भर बाजारात माणसं मारलेली होती, आणि पुरलेली होती ती पहारेकऱ्यांच्या रांगेपासून पाचशे यार्डांवर. एकेका खड्ड्यात अनेक प्रेतं. ती थडगी उघडताना टेलर स्वतः हजर होता. १८३९ मध्ये त्याने लंडनला ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी छापली आणि हिंगोलीची ही हकिगत तिच्या प्रस्तावनेत लिहिली. इंग्लंडभर ते पुस्तक वाचलं गेलं. हिंगोलीचं नाव लंडनच्या दिवाणखान्यांत गेलं ते असं, आणि ते आपल्या शाळेच्या पुस्तकात मात्र आलं नाही.

ही गोष्ट इथे एवढ्या विस्ताराने सांगायला कारण आहे. ठग रुमालाने मारत, पण त्यांचं खरं हत्यार ओळख हे होतं. वाटेवर गाठायचं, गोड बोलायचं, ‘आम्हीही तिकडेच निघालोय’ म्हणायचं. अशा काळात वाटसरूला आणि व्यापाऱ्याला काय हवं असेल? दिवस मावळायच्या आत गाठता येईल असं, चारचौघांत ओळखीचं, विहिरीला पाणी आणि बैलाला वैरण मिळणारं गाव. मोठ्या पेठांच्या मधली बाजाराची गावं या गरजेवर उभी राहिली असं मला वाटतं. आठवड्यातून एकदा पंचक्रोशी जिथे गोळा होते, तिथे अनोळखी माणूस लपत नाही. बाजार म्हणजे खरेदीविक्री एवढंच आपण धरतो. तो पंचक्रोशीचा पहाराही होता.

रेल्वे येण्याआधी या सगळ्या मुलखाचा माल लमाणांच्या तांड्यांवर चालायचा. समुद्राकाठचं मीठ वर यायचं, कापूस आणि धान्य खाली जायचं. शेकडो बैल, पाठीवर गोण्या, सोबत बायकापोरं आणि कुत्री. आज हिंगोली जिल्ह्यात जागोजागी जे तांडे गाव म्हणून वसलेले दिसतात, ते या चालत्या वाहतुकीचे थांबलेले मुक्काम आहेत. त्यांना थांबवलं रेल्वेने. १९०० च्या सुमारास मनमाडहून हैदराबादला जाणारी निजामाची गाडी परभणीवरून धावू लागली. १९१२ मध्ये पूर्णेहून वसमतमार्गे हिंगोलीपर्यंत फाटा आला. एक रूळ दक्षिणेकडून गेला, दुसरा पूर्वेकडून. जवळा बाजार दोन्हींच्या मध्ये राहिलं.

रूळ चुकला की गाव मरतं, असं म्हणतात. इथे तसं झालं नाही. परभणी आणि हिंगोली मोठ्या झाल्या, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने तिकडे गेले. पण शेतकऱ्याची बैलगाडी दिवसात जाऊन परत येईल एवढ्याच अंतरावर मोंढा लागतो. मराठवाड्यात धान्यबाजाराला मोंढा म्हणतात. पुण्याकडच्या वाचकासाठी सांगितलं. रूळ दूर राहिल्यामुळेच मधल्या बाजाराचं काम शिल्लक राहिलं.

त्या काळच्या बाजारात सौदा कसा व्हायचा, ते एकदा जवळून बघायला हवं. शेतकरी गाडी सोडून अडत्याच्या ओट्यावर बसलेला. अडत्या आणि खरेदीदार समोरासमोर. दोघांच्या हातांवर उपरण्याचा नाहीतर धोतराच्या सोग्याचा पदर टाकलेला. त्या कापडाखाली बोटं बोलायची. किती बोटं धरली, कुठल्या पेरावर दाबलं, त्यावरून रुपये आणि आणे ठरायचे. तोंडाने कोणी चकार शब्द काढायचं नाही. काढलाच तर पावसापाण्याचा. मालाच्या मालकाला दिसायचं ते फक्त हलणारं कापड. मग कापड बाजूला व्हायचं आणि भाव जाहीर व्हायचा. याला हत्ता म्हणत. तोल झाला की वजावट सुरू. अडत, हमाली, तोलाई, धर्मादाय आणि शिवाय कडता, म्हणजे मालात माती-कचरा असेलच असं धरून आधीच कापून घेतलेलं वजन. माती असो वा नसो.

याला लगाम घालण्याचा देशातला पहिला प्रयत्न इथून फार लांब झाला नाही. १८८६ मध्ये वऱ्हाडात कारंज्याला कापसाचा बाजार सरकारी नियमाखाली आणला, १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला. निजामाच्या राज्यात असा कायदा यायला १३३९ साल उजाडलं. दचकू नका. हे फसली साल आहे, म्हणजे आपलं १९२९-३०. निजामशाहीत कायदे, दस्त, वसूल सगळं फसलीत चालायचं. पैनगंगेच्या पलीकडे तेहतीस वर्षं आधी आलेला कायदा अलीकडे यायला एक पिढी गेली. सीमा कशाला म्हणतात ते शेतकऱ्याला नकाशावर नाही, असं कळतं.

आणि सीमा तर नाण्यातही होती. निजामाचा रुपया हाली सिक्का, इंग्रजांचा कलदार. भाव साधारण सात हालीला सहा कलदार. काटेकोर सांगायचं तर शंभर कलदाराला एकशे सोळा हाली रुपये, दहा आणे, आठ पै. वऱ्हाडात कापूस विकून आलेल्या माणसाच्या कनवटीला कलदार असायचा आणि इथल्या सावकाराचं देणं हालीत. मध्ये सराफाचा बट्टा. हद्दीवर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका. शेकडा पाचची जकात. कन्हेरगावाच्या नावात तो नाका अजून उभा आहे. सरकारात अर्ज जायचा उर्दूतून, गावातला हिशेब मोडीतून आणि भांडण अर्थातच मराठीतून.

दुसऱ्या महायुद्धात आणि त्यानंतर लेव्ही आली. पिकलेल्या धान्यातून ठरावीक वाटा सरकारच्या कोठारात घालायचा. मराठवाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात ‘लेव्ही’ हा शब्द दुष्काळाच्या तोलाने येतो. १९४७ ला देश स्वतंत्र झाला, निजाम सामील व्हायला तयार नव्हता. रझाकारांचं वर्ष सुरू झालं. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली लढा आधीपासून चालू होताच. आता हद्दीपलीकडे उमरखेडसारख्या ठिकाणी लढ्याचे कॅम्प उभे राहिले. वसमत तालुक्यातल्या वापटीच्या बहिर्जी शिंद्यांनी या लढ्यात प्राण दिला. वसमतला त्यांच्या नावाचं महाविद्यालय आहे. भारत सरकारने निजामाची आर्थिक कोंडी केली तेव्हा बाजारातलं मीठ आणि रॉकेल आटलं. ज्या बाजाराची सुरुवात मिठाने झाली असेल, त्या बाजारात मीठ नाही.

१३ सप्टेंबर १९४८ ला फौजा आत शिरल्या, १७ सप्टेंबरला निजाम शरण आला. या दिवसांची गोष्ट आपण विजयापाशी संपवतो. त्यानंतरच्या आठवड्यांत हैदराबाद संस्थानात अनेक ठिकाणी मुसलमान वस्त्यांवर जे गुदरलं, त्याची चौकशी करायला नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली होती. सत्तावीस ते चाळीस हजार माणसं मेली असावीत, असा त्या समितीचा अंदाज होता. बाजारात बागवान, मणियार, मोमीन, पिंजारी, अत्तार नसतील तर तो मराठवाड्यातला बाजार नव्हे. तेव्हा बाजाराच्या गावाचा इतिहास लिहिताना हे पान फाडून टाकता येत नाही.

पुढची बारा वर्षं मात्र कोणत्याही कादंबरीपेक्षा रंजक आहेत आणि त्यावर कोणी कादंबरी लिहिलेली नाही. एका सामान्य कापूस पिकवणाऱ्या माणसाच्या जागी बसून बघा. १९४८ मध्ये त्याचा राजा गेला. १९५६ च्या नोव्हेंबरात त्याचं हैदराबाद राज्यच गेलं आणि मराठवाडा मुंबई राज्यात आला. १ एप्रिल १९५७ ला आणे-पै जाऊन नवे पैसे आले. सोळा आण्यांचा रुपया शंभर पैशांचा झाला. १९५८ च्या ऑक्टोबरपासून मेट्रिक वजनं सुरू झाली. शेर, पायली, मण, खंडी जाऊन किलो आणि क्विंटल. १९५९ पर्यंत हाली सिक्का चलनातून हद्दपार झाला. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. उर्दू गेली, फसली गेली, करोडगिरी गेली.

म्हणजे गाडीतला कापूस तोच, बैल तेच, ओट्यावरचा अडत्या बहुधा तोच. पण राजा, राज्य, नाणं, माप, भाषा आणि सन हे सगळं बापाच्या हयातीतच बदललं. एवढ्या उलथापालथीत माणसाने व्यवहार चालवला कसा? रुपयाचे पैसे किती आणि त्या पैशांचे हाली किती, हे मनात फिरवत, शेराचा किलो करत, प्रत्येक वेळी थोडा फसत. ज्याला दोन्ही मापं येत होती तो श्रीमंत झाला. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकाचा हिशेब मांडताना अर्थशास्त्रज्ञ योजना मोजतात. मोंढ्यातल्या माणसाने ते दशक बोटांवर मोजलं, आणि या वेळी बोटांवर कापड नव्हतं.

कापडाचं म्हणाल तर ते कायद्याने काढलं. १९६३ चा महाराष्ट्राचा बाजार समित्यांचा कायदा १९६७ पासून अमलात आला, उघड बोली आली. जवळा बाजारला आज कृषी उत्पन्न बाजार समिती आहे आणि ती गावाच्याच नावाने आहे. तहसील औंढ्याला, बाजार समिती जवळ्याला. सरकार आणि देव एका गावात राहिले आणि पैसा दुसऱ्या गावात, ही वाटणी जुनीच आहे. फक्त तिच्यावर आता शिक्का आला.

१९६८ च्या सुमारास पूर्णेवर वर येलदरी आणि खाली सिद्धेश्वर अशी दोन धरणं पुरी झाली. येलदरीला साडेसात मेगावॉटची तीन जनित्रं बसली, सिद्धेश्वरचं पाणी कालव्याने वसमत, परभणी, नांदेडच्या शिवारांत गेलं. १९७२ चा दुष्काळ या भागानेही भोगला; खडी फोडणारी माणसं, लाल मिलो, सुकडी. पण कालवा पोहोचला तिथे पीक बदललं आणि पीक बदललं की बाजाराचा वास बदलतो. जवळ्याच्या पट्ट्यात ज्वारी-कापसाच्या जोडीला ऊस, केळी आणि मग हळद आली.

हळदीचा हंगाम ज्याने पाहिला नाही त्याने एकदा मार्च-एप्रिलमध्ये इकडे यावं. पूर्वी शेतातच चुलाण पेटवायचे, मोठ्या कढईत हळद घालून वरून पाला दाबायचा आणि शिजवायची. आता वाफेचे कुकर आलेत, ट्रॅक्टरमागून शेतोशेत फिरतात. शिजलेली हळद उन्हात पसरायची, दहा-पंधरा दिवस रोज उलथायची. वाळून खडखडीत झाली की पिंपात फिरवून घासायची. कच्चं हळकुंड मळकं, सुतळीसारखं दिसतं. पॉलिशमधून निघालं की पिवळं धमक. पॉलिश करणाऱ्या माणसाची पापणीसुद्धा पिवळी असते. २०२४ मध्ये ‘वसमत हळदी’ला भौगोलिक मानांकन मिळालं. नाव वसमतचं लागलं, कारण वसमत मोठी पेठ. जवळ्याच्या शेतकऱ्याला त्याचं वाईट वाटत असेल असं नाही, कारण भाव नावाने नाही, ओलीने ठरतो. हळकुंड मोडून बघतात, टच् असा आवाज आला पाहिजे.

आवाजावरून आठवलं. औंढ्याच्या परिसरात दुधाळ्याच्या माळावर लायगो-इंडिया नावाची प्रयोगशाळा उभी राहते आहे. काटकोनातले चार-चार किलोमीटरचे दोन लांबच लांब बोगदे आणि त्यातून धावणारा लेसर. अब्जावधी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरं आदळली तर अवकाशाला जो अणूहूनही बारीक कंप सुटतो, तो इथे टिपायचा. केंद्राने २०१६ ला तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ ला अंतिम मंजुरी दिली, खर्च २६०० कोटी. गंमत अशी, की याच जिल्ह्यात पांगरा शिंदे आणि भोवतालची गावं वर्षानुवर्षं भुईतून गूढ आवाज येतात म्हणून रात्री अंगणात झोपतात, आणि २०२४ च्या मार्चमध्ये व जुलैमध्ये साडेचार रिश्टरच्या आसपासचे धक्केही बसले. शास्त्रज्ञ आभाळाचा कंप ऐकायला आलेत, गावकरी जमिनीचा. शेजारी म्हणून दोघांची गाठ पडायला हरकत नाही. आणि उद्या जगभरच्या नकाशांवर ‘दुधाळा लायगो’ असं नाव दिसलं तर नवल नको. या भागात शेपटं अशीच लागतात.

राहता राहिला जवळ्याचा बाजार. १ मे १९९९ ला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हा जिल्ह्याचं कागदपत्र नव्याने सुरू झालं. त्याआधीच्या शंभर-दीडशे वर्षांच्या बाजाराचा कागद सरकारात फारसा शोधू नये. बाजाराचा इतिहास कीर्द, खतावणी आणि रोजमेळात असतो, आणि या वह्या असतात जुन्या अडत्यांच्या, किराणावाल्यांच्या, सावकारांच्या माळवदावर, बारदानाच्या ढिगाखाली. कोणत्या साली कापूस काय भावाने गेला, लेव्हीच्या वर्षी कोणी किती उधार उचललं, हालीचा बट्टा किती कापला, कोंडीच्या महिन्यात मीठ काय दराने विकलं, हे सगळं तिथे मोडीत लिहिलेलं आहे. जुनं माळवद उतरवून स्लॅब टाकताना हीच गाठोडी आधी रद्दीत जातात.

तेव्हा जवळ्यातल्या, हट्ट्यातल्या, शिरडशहापूरच्या ज्या घरात अशी लाल कापडाची चोपडी निघेल, त्यांनी ती विकायच्या आधी पहिलं पान उघडावं आणि वरचा सन बघावा. तो अठराशेने सुरू होत असेल तर शक आहे, त्यात ७८ मिळवा. तेराशेने सुरू होत असेल तर फसली आहे, त्यात ५९० मिळवा. मग ठरवा, रद्दीचा भाव किती ते.